पाकोळी हलकी होत नाही

मैद्याचं पोतं पंचवीस किलोचं होतं. बुरुलने ते पाकोळी नावाच्या हेलिकॉप्टरच्या पोटातून तिसऱ्यांदा बाहेर काढलं आणि गवतावर ठेवलं. आधी दोनदा तिची पाठ वळताच तेमिरकानने ते परत आत सरकवलं होतं.

"बाइके, पुरे आता," ती म्हणाली.

तेमिरकान तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, म्हणून बाइके, थोरला भाऊ. तीस वर्षं त्याने या डोंगरांत केरोसीनवर चालणारी मोठी हेलिकॉप्टरं उडवली होती. आत-बाशीच्या खोऱ्यात त्याला ओळखत नाही असा मेंढपाळ नव्हता.

"उन्हाळी कुरणावर रिकाम्या हातानं जाऊ? लोक माझ्या तोंडाकडे बघतील की हाताकडे?"

"नव्वद किलो औषधं नेतोय आपण. हात रिकामे कुठे आहेत?"

"औषधं सरकारची. मैदा माझा." त्याने पोत्यावर थाप मारली, तशी पांढरी धूळ उडाली. "आणि पंचवीस किलोचं काय घेऊन बसलीस? वर पोचेपर्यंत यंत्र हलकं होईलच की."

"कशानं?" बुरुलने विचारलं.

तेमिरकानने पोत्यावरचा हात काढला. उत्तर त्याला ठाऊक होतं. गेलं वर्षभर पाकोळी तोच उडवत होता. पण तीस वर्षांची सवय डोक्यात नसते, ती हातापायांत मुरलेली असते. जुन्या हेलिकॉप्टरात निघताना टाकी भरलेली असे आणि वाटेत ती आपोआप हलकी होत जाई. वर, विरळ हवेत उतरायची वेळ येईपर्यंत दोन-तीनशे किलो केरोसीन जळून गेलेलं असे. परतताना तर त्या रिकाम्या झालेल्या वजनात कुणाची मेंढी, कुणाचं लोण्याचं मडकं, कुणाचा शिकायला निघालेला भाचा, सगळं मावत असे. कुरणावरचे लोक पाहुण्याला तसंच पाठवत नाहीत आणि वैमानिकाला कधी नाही म्हणावं लागलं नव्हतं. कारण टाकी रिकामी होत होती.

पाकोळीला टाकी नव्हती. डोक्यावरची चार पाती एक विजेची मोटर फिरवत होती आणि शेपटीत एका मोठ्या पंख्याऐवजी कड्यात बसवलेले चार छोटे पंखे होते, प्रत्येकाची मोटर वेगळी. मोटरला श्वास घ्यावा लागत नाही. विरळ हवेत इंजिनाला धाप लागते, तशी ती मोटरला लागत नाही. बुरुल धरून सहा जणांनी चार वर्षं खपून हे यंत्र बांधलं ते त्यासाठी. पण बॅटरीतली वीज संपते, वजन संपत नाही. पाकोळी जेवढी वर जाई तेवढीच खाली येई. वर आणखी एक मेख होती. केरोसीनचा शेवटचा लिटर पहिल्याइतकाच जोमाने जळतो, पण बॅटरी अर्धी उतरली की तिचा जोर ओसरतो, आणि थंडी लागली की आणखी ओसरतो.

"वरची मर्यादा अकराशे पन्नास," बुरुल म्हणाली. "यंत्र नऊशे पाच. तुम्ही शहाऐंशी. मी अठ्ठावन्न. औषधं नव्वद. झाले अकराशे एकोणचाळीस. तुमचा मैदा मावत नाही."

"मी शहाऐंशी?"

"आज सकाळी काट्यावर उभे राहिलात, तेव्हाचे."

"तेव्हा बूट होते पायात."

"आत्ताही आहेत."

धावपट्टीच्या कडेला घडीचं टेबल मांडून एसेनाली बसला होता. बचाव खात्याचा माणूस, चाळिशीचा, टापटिपीचा. त्याच्यासमोर चाचणीचा छापील फॉर्म होता. अट एवढीच की कोक-साझच्या कुरणावर औषधं पोचवायची, तिथून एक रुग्ण घेऊन यायचं आणि बाराच्या आत परत उतरायचं. जमलं तर खातं पाकोळीला वर्षभर या खोऱ्यात ठेवणार होतं. नाही जमलं तर शरदात त्यांची कामाची शेड बटाटे साठवायला जाणार, पाकोळीचे सुटे भाग पेट्यांत जाणार आणि सहा जण सहा दिशांना. बुरुलला राजधानीतल्या एका कॉलेजातून बोलावणं आलेलं होतं. ते पत्र तिने अजून उघडलं नव्हतं.

"इथे तुम्ही शून्य लिहिलंय," एसेनालीने फॉर्मवर बोट ठेवलं. "खर्च झालेलं इंधन वजा, शून्य. न उडताच येणार का?"

"वीज खर्च होईल. वजन नाही होणार."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग शून्याकडे. "वरिष्ठ विचारतील."

"विचारू देत. मी पुन्हा शून्यच सांगेन."

साडेआठला ते निघाले. मैद्याचं पोतं गवतावरच राहिलं. तेमिरकान पूर्ण वाटेत एकच वाक्य बोलला, "मुकं यंत्र हे." इंजिनाच्या आवाजावरून त्याला सगळं कळायचं. किती ओढ आहे, किती उरलंय, कुठे दुखतंय. इथे पात्यांची फडफड होती आणि शेपटीकडून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुण. ती सुखाची की दुखण्याची, ते त्याला अजून ओळखता येत नव्हतं. बुरुल पडद्यावरचे आकडे वहीत उतरवत होती. कोक-साझला टेकले तेव्हा बॅटरीत चोपन्न टक्के उरले होते. तिने धरले होते त्रेपन्न. तिला बरं वाटलं, पण तिने ते तोंडावर दिसू दिलं नाही.

लोकर दाबून केलेल्या बुरणुसाचे तीन तंबू, धूर, बांधलेल्या घोड्या. हवा थंड होती. कासिमअली म्हातारा पुढे आला, दोन्ही हातांनी तेमिरकानचा हात धरून म्हणाला, "आवाज न करता आलात. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत, चोर आल्यासारखं वाटलं."

"हीच चोरटी," तेमिरकानने बुरुलकडे मान वळवली. "तुझा मैदा हिनं खालीच ठेवला."

रुग्ण म्हणजे म्हाताऱ्याची बायको, साल्किन-एजे, सगळ्यांची थोरली बहीण. पित्ताशयात खडे होते. हॉस्पिटलने आजची तारीख दिली होती आणि घोड्यावरून दोन दिवसांची वाट तिला झेपणारी नव्हती. ती नवा मखमली कोट घालून गादीवर तयार बसली होती. तिच्या शेजारी तिची सून आयिमकान, मांडीवर गाठोडं घेऊन, तीही तयार.

बुरुलने गाठोड्याकडे पाहिलं. "तू कुठे निघालीस?"

"आईंबरोबर," आयिमकान म्हणाली. दुसरं काही उत्तर असू शकतं असं तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

"फॉर्मवर एकच माणूस आहे."

साल्किन-एजेने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मढंसुद्धा एकटं पाठवत नाहीत, मुली. मी तर अजून बोलतेय."

बुरुलने वही उघडली. फॉर्म तिनेच भरला होता. रुग्ण एक, वजन नव्वदपर्यंत. गेल्या हिवाळ्यात तिची आई हॉस्पिटलात होती तेव्हा नऊ रात्री ती स्वतः खाटेशेजारच्या खुर्चीवर झोपली होती. तिसऱ्या खाटेवरच्या बाईबरोबर तर दोन बहिणी होत्या. खोऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की आजारी माणूस म्हणजे दोन माणसं. तेमिरकानला सकाळी ती शून्याचा धडा शिकवत होती आणि तिचा स्वतःचा एक मात्र चुकला होता.

"काटा आहे का कुठला?" तिने विचारलं. "वजनाचा?"

लोकर तोलायचा काटा होता. कासिमअली आणि त्याच्या मुलाने खांद्यांवर दांडा घेतला, मध्ये टांगलेल्या काट्याच्या आकड्याला लोकरीचं पोतं अडकवलं आणि त्यात साल्किन-एजेला बसवलं. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर आले.

"चाळीस वर्षं संसार केला," ती वरून म्हणाली, "आता तोलून बघतोय."

"आता तोलून काय उपयोग," म्हातारा दांड्याखालून म्हणाला. "परत कोण घेणार?"

एकाहत्तर. आयिमकान त्रेसष्ट. गाठोडं सहा. बुरुलने वहीत बेरीज केली आणि खाली रेघ मारली. अकराशे एकोणनव्वद. एकोणचाळीस जास्त.

तेवढ्यात म्हाताऱ्याचा मुलगा तंबूमागून सोललेली अख्खी मेंढी घेऊन आला आणि पाकोळीच्या दाराशी ठेवली.

"हे काय?" बुरुल म्हणाली.

"वाटेसाठी," मुलगा म्हणाला.

"वाट अकरा मिनिटांची आहे."

"मग खाली पोचल्यावर."

तेमिरकान आकाशाकडे पाहत होता. त्याच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं.

बुरुलने बाह्या वर सारल्या. हत्यारांची पेटी काढून काट्याला लावली. बारा. आतली आच्छादनं काढली. चार. दार काढायचा विचार तिच्या मनात आला, पण पोट दुखणाऱ्या म्हातारीला उघड्या दाराशी त्या वाऱ्यात बसवायचं नव्हतं. शेवटी पायाशी बसवलेली नोंदपेटी तिने स्क्रू काढून बाहेर घेतली. सात. अजून सोळा जास्त. आणि नोंदपेटी गेली तर उड्डाण झालं याचा पुरावाच उरणार नव्हता, एसेनालीच्या टेबलावर नुसता शब्द राहणार होता.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. उन्हाने हवा तापू लागली होती. तापली की आणखी विरळ होणार. आयिमकानने न सांगता एक बुरणूस आणून बॅटरीच्या कप्प्यावर टाकलं होतं. बुरुलने हात लावून पाहिलं, कप्पा अजून कोमट होता. हे एक बरं झालं.

"दोन फेऱ्या?" तेमिरकानने हळूच विचारलं.

"खाली जायला पुरेल. पुन्हा वर यायला नाही."

"सोळाच जास्त आहेत, पोरी. सोळा किलो मी नुसत्या हातावर उचलले आहेत आजवर. उतारावरून ढकललं की निघतं."

"त्या यंत्रात निघत होतं. अडलात तर थोडं थांबायचं, इंधन जळायचं आणि मग निघायचं. इथे थांबलात तर जोर कमी होईल, जास्त नाही." तिने वही मिटली. "सोळा नाही चालणार. एकसुद्धा नाही."

"मग म्हातारीला सांग, सून राहू दे."

"ते तुम्ही सांगा."

तेमिरकानने साल्किन-एजेकडे पाहिलं आणि पाहणं थांबवलं.

बुरुल पाकोळीकडे वळली. पुढच्या दोन सीटांतल्या उजव्या सीटवर तिची वही, तिचा कोट, तिचा पडदा. त्या सीटवरचं वजन तिने सकाळी स्वतःच मोजलं होतं. ते या यादीत यंत्राच्या खालोखाल पक्कं धरलेलं होतं, म्हणूनच बहुधा ते काढता येतं हे तिला इतका वेळ दिसलं नाही.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

"काय?"

"मी राहते."

तेमिरकान हसला नाही. "आणि आकडे कोण बघणार?"

"तुम्ही."

"मी कानानं उडवणारा माणूस आहे."

"हे कानाला काही सांगत नाही. डोळ्यांना सांगतं. एकच आकडा बघायचा आहे, बाकीचे मी झाकून टाकते." ती आत चढली आणि नोंदपेटी पुन्हा जागेवर बसवून तिने एकेक स्क्रू आवळला. मग म्हाताऱ्याच्या मुलाला विचारून तिने मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग आणवला, काडी बुडवली आणि पडद्याच्या काचेवर, व्होल्टच्या काट्याच्या वाटेत, पाचशे ऐंशीवर एक जाड रेघ ओढली. "काटा या रेघेच्या वर असेपर्यंत डाव्या हाताची दांडी ओढा. रेघेला टेकला की ओढू नका. कितीही वाटलं तरी ओढू नका. नाक पुढे टाका आणि वेग घ्या. वेग आला की पाती स्वतःच उचलतील."

"समोर मेंढ्या आहेत."

"त्या मुलगा हाकलेल."

"आणि वेग यायच्या आत जमीन आली तर?"

"उतरा आणि मला शिव्या द्या. पण ओढू नका."

तेमिरकान रेघेकडे बराच वेळ पाहत राहिला. तीस वर्षांत तो अडचणीत सापडला तेव्हा प्रत्येक वेळी हाताने एकच केलं होतं, दांडी ओढली होती. आणि प्रत्येक वेळी इंजिन ओरडून का होईना उठलं होतं.

"माझ्या आयुष्यातली चांगली युक्ती तू लाल रंगानं खोडलीस," तो म्हणाला.

"बाइके, बाराच्या आत पोचायचंय."

साल्किन-एजेला उजव्या सीटवर बांधलं, सुनेला मागे. बुरुलने पुन्हा बेरीज केली. अकराशे पंधरा, हत्यारांची पेटी आणि आच्छादनं वगळून. पस्तीस किलो उरत होते. म्हाताऱ्याच्या मुलाने लगेच मेंढीकडे हात केला.

"नाही," बुरुल म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिने कुरुतची थैली उचलून काट्याला लावली. सुकवलेल्या दह्याचे गोळे, दोन किलो. "एवढं."

कासिमअलीने तळवे उघडून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. पाती फिरू लागली, गवत झोपलं. बुरुल बाजूला, उतरणीच्या कडेला जाऊन उभी राहिली. इथून तिला पडदा दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त तेमिरकानचे खांदे.

पाकोळी हातभर उठली. तेवढ्यावरच थांबली आणि डोलली. बुरुल मनात आकडे मोजत होती. सहाशे दहा, सहाशे, पाचशे नव्वद. उतरणीवरून वाऱ्याची एक झुळूक उलटी आली, तशी पाकोळी परत बसू लागली, वीतभर खाली, आणखी वीतभर. तिने तेमिरकानचा डावा खांदा ताठ झालेला पाहिला. हा तो क्षण. तिने ओरडून उपयोग नव्हता, म्हणून ती नुसती उभी राहिली.

खांदा सैल पडला. पाकोळीचं नाक खाली झुकलं. ती गवताला घासत, हळू, मग कमी हळू, मग धावत उतरणीवरून निघाली. मेंढ्या दोन्हीकडे फुटल्या. एका ठिकाणी तिचं डावं पाऊल गवताला लागलं आणि मातीचं ढेकूळ उडालं. मग पात्यांनी हवा धरली, जमीन तिच्याखालून निघून गेली आणि ती दरीच्या तोंडातून उडाली. आवाज तिच्या आधी नाहीसा झाला.

"गेली," म्हातारा म्हणाला. "बायको पण गेली, सून पण गेली. आता चहा कोण करणार?"

"मी करते," बुरुल म्हणाली. तिच्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

चहा उकळला, ओतला, पण तिने तो प्याला नाही. अकरा मिनिटं झाली, मग पंधरा. उपग्रह फोन तिने उलट्या भांड्यावर, उघड्या आकाशाखाली ठेवला होता. अठराव्या मिनिटाला तो वाजला.

"उतरलो," तेमिरकानचा आवाज. मागे बरेच लोक बोलत होते. "बावीस टक्के उरलेत. एजे म्हणते, घोड्यापेक्षा बरं, पण घोडा बोलतो तरी."

"काटा रेघेखाली गेला?"

"टेकला."

"आणि हात?"

"हात मी मांडीखाली ठेवणार होतो, पण दुसराही लागत होता." तो खोकला. "नाही ओढला, पोरी. हा घे, तुझा टेबलवाला बोलतोय."

एसेनालीचा आवाज कोरडा होता. "फॉर्मवर चालकदल दोन आहे. माझ्यासमोर एकच उभा आहे. आणि रुग्ण एक आहे, तर माझ्यासमोर दोन बायका आहेत."

"फॉर्म चुकीचा होता," बुरुल म्हणाली. "चूक माझी. लिहून घ्या. चालकदल एक. रुग्ण एक, सोबत एक. ही एकच ओळ आहे, दोन वेगळ्या ओळी करू नका."

"चालकदल दोन तसंच ठेवलं तरी चालेल. वरिष्ठ तुम्ही कुठे आहात ते बघायला येणार नाहीत."

"नको. दोन चालक आणि दोन बायका घेऊन ही वरून उठत नाही. तुम्ही दोन लिहिलंत तर पुढच्या वेळी कुणीतरी त्यावर विश्वास ठेवून चौघं बसवील."

पलीकडे पेनाचा आवाज. तिने वाट पाहिली. खाली दरीत घोडीचं शिंगरू आईला हाक मारत होतं.

"अकरा वाजून एकोणीस मिनिटं," एसेनाली शेवटी म्हणाला, "रुग्ण पोचला, सोबतीसह. ते मी डोळ्यांनी पाहिलं. सही करतो. शेडचा निर्णय माझ्या एकट्याचा नाही, पण सही माझी आहे." मग जरा थांबून, "ते शून्य मी तसंच ठेवलंय. आता तोंडानं समजावून सांगता येईल."

फोन पुन्हा तेमिरकानकडे गेला. "उद्या सकाळी न्यायला येतो तुला. रात्रभर चार्ज होईल."

"या. एकटेच या."

"काय आणू?"

"काही नको."

"म्हणजे रिकाम्या हातानं?" त्याचा आवाज खरोखरच दुखावला होता. "तीस वर्षांत नाही गेलो कधी."

बुरुलने वही उघडली. मागे म्हाताऱ्याचा मुलगा ती अख्खी मेंढी कढईत घालायला तोडत होता. खाणारी पाहुणी आता एकच होती आणि ती कुठे पळूनही जाणार नव्हती. यंत्र नऊशे पाच, तेमिरकान शहाऐंशी. येताना एवढंच. जाताना ती अठ्ठावन्न, पेटी आणि आच्छादनं तर यंत्रातच धरलेली. वरची मर्यादा अकराशे पन्नास. बाकी एकशे एक. परतीची मेंढी ते काही केल्या सोडणार नाहीत, तेव्हा तीही धरायला हवी.

"बाइके," ती म्हणाली, "तो मैदा अजून गवतावर आहे का?"

"आहे."

"तो आणा. पण आधी तोला. शिवताना त्यांनी किती भरलंय कुणास ठाऊक."